डावीकडचा आवाज

धारवाडात मळमड्डीतल्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, त्याच्यावरून गाडी उतरली आणि आवाज आला. टक्. मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी कपाटाची कडी लावावी, एवढाच. डाव्या बाजूनं, पायाखालून, पुढचं चाक उतरून जरा स्थिरावलं की मग. श्रीहरीनं गाडी तिथंच थांबवली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि वळसा घालून पुढं गेला. श्रीहरीनं डाव्या सीटकडं पाहिलं. सीट रिकामी होती. तिच्यावर तांदळाचे चार दाणे पडले होते, कालच्या प्रयोगाचे. आवाज आला याचा त्याला आनंद झाला, आणि असल्या गोष्टीचा आनंद व्हावा याची लगेच लाजही वाटली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, छत्तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला, सकाळी साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावून बसतो, आणि कशासाठी, तर टक् वाजलं म्हणून खूष होण्यासाठी. पण आज तो आवाज यायलाच हवा होता, आणि आज तो दुसऱ्या कुणाला तरी ऐकू यायला हवा होता. नाहीतर रविवारी भार्गवी पुण्याहून येणार, गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि अप्पांना, म्हणजे त्याला, घेऊन जायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मुलीनं ठरवलं होतं आणि त्यानं हो म्हटलं होतं.

हो म्हणण्याची पाळी त्याच्यावर या आवाजानंच आणली. गाडी चौदा वर्षांची. तिच्या पोटाखाली एक लोखंडी चौकट असते, इंजिन आणि पुढची चाकं ती पेलते, आणि ती चौकट जिथं जिथं गाडीला जोडलेली असते तिथं रबराचे बुश असतात, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. ते वाळून चिरले होते. दोन महिन्यांपूर्वी हुबळीत, केशवापूरच्या पुढं परशुरामच्या गॅरेजमध्ये ते सगळे बदलले. नवे बुश घातल्यावर गाडी गप्प व्हायला हवी होती. बरीचशी झालीही. जुनी खडखड गेली, आणि तिच्या जागी हा एकच, नीटनेटका टक् उरला. परशुरामनं मग काय बघितलं नाही? लिंक रॉड बघितला, लोअर आर्म बघितला, चाकांचे नट पुन्हा आवळले, डिकीतला जॅक काढून ठेवला, बोल्टांवर खडूच्या खुणा केल्या आणि आठवड्यानं बघितलं की कुठली खूण सरकली का. एकही सरकली नव्हती. चार वेळा तो स्वतः डाव्या सीटवर बसून उणकलच्या तळ्यापर्यंत आला. चारही वेळा गाडी शहाण्या मुलासारखी चालली. शेजारचे बँकेतले निवृत्त गृहस्थ एकदा बसले, त्यांनाही काही ऐकू आलं नाही. त्यांनी उलट गाडी किती छान ठेवलीय म्हणून कौतुक केलं. आणि ते फाटकाशी उतरून गेल्यावर, गल्लीतल्या गल्लीत गाडी वळवताना, टक्.

सहा आठवड्यांपूर्वी भार्गवी चार दिवस आली तेव्हा त्यानं तिलाही डाव्या सीटवर बसवून फिरवून आणलं. टोल नाका, सत्तूर, परत. जाताना ती खरोखरच मान तिरकी करून ऐकत होती. येताना मात्र ती रस्त्याकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. ते त्याला कळलं. पंखा बंद असताना काही ऐकू येतं का अप्पा, असं तिनं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि मग कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी कानांना यंत्र लावून सांगितलं की या वयाला असे कान भाग्यानंच मिळतात. तिथं प्रकरण संपायला हवं होतं, पण ते तिथंच सुरू झालं. कान चांगले आहेत आणि आवाज तर नाही, मग काय आहे? तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. भार्गवी निघताना बूट घालता घालता म्हणाली, "अप्पा, एका तरी माणसाला तो आवाज ऐकवा. एकाला. मग मी काही बोलणार नाही." आणि नाही ऐकवता आला तर तुम्ही माझ्याकडं यायचं, गाडी चालवणं बंद. त्यानं मान डोलावली. खरं म्हणजे त्याच्याही मनात तोवर पाल चुकचुकली होतीच. एकट्या माणसाला जे ऐकू येतं आणि चारचौघांत जे येत नाही, त्याला काय म्हणतात हे काय त्याला माहीत नव्हतं?

नवलूरच्या आधी रस्त्याची डावी कड खचली आहे. तिथं त्यानं मुद्दाम चाक घातलं. टक्. त्या जागेवरून तो किती वेळा गेला असेल, आणि शकुंतला शेजारी असताना किती वेळा. तिला ऐकू यायचा आवाज. हा नाही, आधीचा, जुन्या बुशांचा. चार वर्षांपूर्वी कलघटगीहून, तिच्या बहिणीकडून परत येताना ती पहिल्यांदा म्हणाली होती, "अहो, खालून काहीतरी वाजतंय." त्यावर तो म्हणाला होता, रस्ता वाजतोय. पुन्हा म्हणाली तेव्हा त्यानं काच खाली घेऊन ऐकलं, काही आलं नाही, काच वर केली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो म्हणाला, तुझ्या कानाचं काहीतरी आहे. एकदा तर बहिणीच्याच घरी, सगळे पानांवर बसलेले असताना, त्यानं तिची फिरकी घेतली, हिला गाडीचं सगळं ऐकू येतं, फक्त माझं येत नाही. सगळे हसले. तीही हसली, भाताचं भांडं हातात घेऊन. त्यानंतर तिनं आवाजाबद्दल बोलणंच सोडलं. त्याला वाटलं, पटलं हिला. पदार्थविज्ञानाचा मास्तर, त्याला असंच वाटणार.

पण ती त्यानंतर दोन वर्षं गाडीत बसली की खड्डा दिसताक्षणी डाव्या हातानं दाराची मूठ धरायची. घट्ट धरायची, आणि खड्डा मागं पडला की सोडायची. त्यानं ते शेकडो वेळा पाहिलं असेल. त्याला वाटायचं, माझ्या चालवण्याला भिते, आणि त्याचा थोडा रागही यायचा. ती आवाजाची वाट बघत असायची, ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची, हे त्याला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली ती हुबळीच्या दवाखान्यात, तीन दिवसांच्या तापानं, चौदा महिन्यांपूर्वी. सकाळी गेली. नेसवायला साडी आणायची होती. भार्गवी वाटेत होती, दुसरं कोण जाणार, म्हणून तोच गाडी घेऊन धारवाडला निघाला. शकुंतलेशिवाय या गाडीत आपण याआधी कधी बसलो होतो हे त्याला आठवेना. पेट्रोलपंपावर जातानाही ती यायची, तेवढंच बाहेर पडणं होतं म्हणून. आणि इथंच नवलूरपाशी, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूच्या खड्ड्यात, त्या सकाळी, त्याला तो पहिल्यांदा ऐकू आला. खड्, खड्. स्वच्छ. त्यानं अगदी सवयीनं डावीकडं मान वळवली, अगं हो गं, वाजतंय, असं म्हणायला. ते वाक्य तोंडातच राहिलं. आजही ते तिथंच आहे. कुणाला सांगणार? वर्षश्राद्ध झाल्यावर आठवड्याभरात त्यानं बुश बदलायला गाडी टाकली ती गाडीसाठी नव्हे. त्याला वाटलं, निदान हे तरी तिचं ऐकलं असं होईल.

साडीबरोबर त्या दिवशी कपाटात एक चिठ्ठी सापडली होती. चष्म्याच्या दुकानाची, आठ महिन्यांपूर्वीची. तिचा नंबर वाढला होता. चष्मा केलेला नव्हता. आठ महिने ती धूसर डोळ्यांनी पोथी वाचत होती, त्याच्या शर्टाची बटणं लावत होती, आणि तिनं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याच्यावर तो सुरुवातीला खूप विचार करायचा. आता करत नाही, कारण उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, दिव्याचा उजेड कमी आहे.

उणकलच्या तळ्याशी सिग्नल लागला. कालची गोष्ट आठवून त्याला हसू आलं. काल दुपारी त्यानं पंचवीस किलो तांदळाचं पोतं घेतलं, डिकीत सामान होतं म्हणून ते डाव्या सीटवर ठेवलं, कलंडू नये म्हणून पट्टाही लावला, आणि घरी आला. गल्लीच्या तोंडाशी उतरताना तो नेहमीसारखा कान देऊन बसला होता. काही नाही. त्यानं गाडी मागं घेतली, पुन्हा उतरवली. काही नाही. मग पोतं काढून गेटाशी ठेवलं आणि एकटाच उतरला. टक्. पोतं घातलं, नाही. पोतं काढलं, आहे. असं त्यानं सहा वेळा केलं, दुपारी तीनच्या उन्हात, आणि शेजारचे बँकवाले गॅलरीतून बघत होते. पंचवीस किलोचं पोतं सहा वेळा उचलणाऱ्या प्रोफेसराविषयी ते आज संध्याकाळी काय बोलतील ते बोलोत. श्रीहरीला मात्र इतक्या महिन्यांत प्रथमच भूक लागल्यासारखं वाटलं. डावीकडं वजन असलं की आवाज गप्प, वजन नसलं की हजर. म्हणूनच कुणाला ऐकू येत नव्हता. ऐकायला जो बसतो, तोच बसल्यामुळं तो थांबवतो. एक क्षण त्याच्या मनात असंही आलं की पोतं तिथंच राहू द्यावं. पट्टा लावलेलाच आहे. कायमचं राहू द्यावं, काय बिघडतं? संध्याकाळी चहा पिताना त्यानं खिडकीतून गाडीकडं पाहिलं. डाव्या सीटवर कुणीतरी बसलंय असं काचेतून दिसत होतं. तो चप्पल न घालताच खाली गेला आणि पोतं काढून आत आणलं.

परशुराम अळणावरकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. पंचेचाळिशीचा, बोलायला कमी. बेळगावात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकला आणि त्या मिस्त्रीच्या सगळ्या सवयी उचलून हुबळीत आला. दुपारच्या जेवणाआधी तो हात राखेनं धुतो, आणि गाडीखालचे बोल्ट गाडी उचललेली असताना कधी शेवटचे कसत नाही. त्याचं म्हणणं, गाडी चार पायांवर उभी पाहिजे, माणसं बसल्यासारखं वजन पाहिजे, तेव्हाच गाडीखालच्या, गॅरेजातल्या खड्ड्यात उतरून कसायचं. त्यासाठी त्यानं जुन्या पँटींच्या पायांत वाळू भरून पिशव्या शिवून ठेवल्या आहेत, एका माणसामागं दोन. बुश बदलले त्या दिवशीही त्यानं हातात पिशवी धरून विचारलं होतं, सर, गाडीत रोज किती जण बसतात. श्रीहरी बाकावर पेपर वाचत होता. "दोघं," तो म्हणाला आणि पान उलटलं.

आज गॅरेजात पोचल्यावर श्रीहरीनं परशुरामला पोत्याची हकिकत सांगितली तेव्हा परशुराम हसला नाही. त्यानं कापडाला हात पुसले, किल्ली घेतली आणि डावीकडचं दार उघडून सरांना बसायला जागा दिली. श्रीहरी म्हणाला, मी नाही येत. तू एकटा जा. परशुरामनं त्याच्याकडं जरा बघितलं आणि मग गाडी काढली. श्रीहरी बाकावर बसून राहिला. समोरच्या भिंतीवर कुठल्यातरी टायरचं कॅलेंडर होतं, मागच्या वर्षाचं. शेजारच्या दुकानातून कन्नड बातम्या ऐकू येत होत्या. परशुरामला आवाज आला नाही तर? पोत्याचाही आपल्याला भासच झाला असेल तर? सहा वेळा भास होतो का? होत असेल. भास ज्याला होतो तो मोजूनच घेत असेल. त्याला भार्गवीच्या घरातली ती खोली दिसायला लागली, बाल्कनीची, जिच्यात त्याचा पलंग आधीच मांडून झाला होता. नव्या पांघरुणाचा फोटो तिनं पाठवला होता. छान होतं पांघरूण.

वीस मिनिटांनी गाडी आली. परशुराम इंजिन बंद करून तसाच आत बसून राहिला, दार उघडून एक पाय बाहेर. मग म्हणाला, "हौद्री सर, हो. येतंय." श्रीहरी उभा राहिला. परशुराम पुढं म्हणाला, "एकटं बसलं की येतंय. रेल्वेच्या पुलाखाली तीनदा आलं. वाईट वाटलं बघा मला. एवढे दिवस तुम्ही सांगत होता." श्रीहरीनं परशुरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. आपण वेडे नाही, हे एका माणसानं एका पायावर गाडीबाहेर येता येता सांगितलं.

त्यानं तिथूनच भार्गवीला फोन लावला. परशुरामला ऐकू आल्याचं सांगितलं, वजनाचं सांगितलं, वर्गात सांगावं तसं सविस्तर. मग तो एकदम म्हणाला, "तुझ्या आईला खरंच ऐकू यायचा गं. जुना. मी तिला कानाचं आहे म्हणायचो."

"माहीत आहे अप्पा," भार्गवी म्हणाली. "आई मला फोनवर सांगायची. आज वाजला, आज कमी वाजला. रोज सांगायची."

मग भार्गवीनं नाक ओढलं आणि म्हणाली की बरं, मग ती रविवारी येत नाही, तिकिटं रद्द करते, सुट्टीही वाचेल. तो म्हणाला बरं. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, न्यायला येऊ नको एवढंच म्हणायचं होतं, नुसतं यायला काय हरकत होती. पण हे पुन्हा फोन करून सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याला तसं सांगण्याची सवयही नव्हती.

तोवर परशुराम खड्ड्यावर गाडी लावून खाली उतरला होता. चाकं दोन्ही काठांवर जमिनीवर, आणि खाली टॉर्च धरून तो. त्यानं खालूनच समजावून सांगितलं. हे बुश कडक मालाचे. कंपनीतले मऊ असतात, ते थोडं इकडंतिकडं सोसून घेतात, हे सोसत नाहीत. ज्या वजनावर कसले, तेवढंच वजन त्यांना रोज लागतं. कमी पडलं की डावी बाजू दोन सूत वर उचलते, रबराला पीळ बसतो, आणि खड्डा आला की तो पीळ सुटतो. तोच टक्. त्याला काही बिघाड म्हणता येत नाही, नुसतं वजनाचं गणित चुकलंय. "त्या दिवशी तुम्ही दोघं म्हणालात," तो म्हणाला. मग टॉर्च बाजूला वळवून, "तुमच्या घरच्या अक्का नाहीत ते मला ठाऊक होतं सर. पण म्हटलं, असेल कोणी. विचारायचं कसं."

श्रीहरीनं आठवून पाहिलं. पेपर आठवला, उलटलेलं पान आठवलं, आपला आवाजही आठवला. दोघं. खोटं बोलण्याचा हेतू नव्हता, विचारही केला नव्हता. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आला की मोजल्याशिवाय आकडा लिहू नका, आणि स्वतः न मोजता सांगितला. आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून परशुरामनं गाडी कसली, आणि गाडी दोन महिने, प्रत्येक खड्ड्याला, इमानानं त्याला सांगत राहिली की एक जण कमी आहे. सगळ्या जगात ते तिला एकटीला कळलं होतं. त्याला ते आत्ता कळलं, गॅरेजात, उभ्या उभ्या, सकाळचे साडेअकरा वाजताना. शकुंतला गेली. चौदा महिने तो हे लोकांना सांगत होता, कागदांवर सह्या करत होता, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

परशुराम खड्ड्यातून वर आला. बोल्ट सगळे ढिले केले होते. कोपऱ्यातून त्यानं वाळूच्या पिशव्या ओढत आणल्या आणि दाराशी उभं राहून, या वेळी सरांच्या तोंडाकडं न बघता, विचारलं, "सांगा सर. रोज किती जण बसतात?"

बाकावर पेपर होता. समोर पिशव्या होत्या, खाकी पँटीचे पाय, तोंडं सुतळीनं बांधलेली. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते त्यानं याआधी कुणालाही दिलं नव्हतं, एकदा विचारलं होतं तेव्हाही नाही.

"एकच," श्रीहरी म्हणाला.

परशुरामनं मान हलवली. पिशव्या तिथंच सोडल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "मग पिशव्या कशाला. तुम्हीच बसा. तुमच्याच वजनावर कसतो. फक्त हलायचं नाही."

तो बसला. दार लावलं. खालून पान्याचा आवाज यायला लागला, एक एक दात सरकत, सावकाश. पायांखालची चौकट कुठंतरी किंचित बसली, तेवढं त्याला तळव्यांना जाणवलं. डाव्या सीटवर तांदळाचे ते चार दाणे होते. उचलावेत म्हणून त्यानं हात पुढं केला, आणि लक्षात आलं की डावीकडं झुकलं तर वजन सरकेल. त्यानं हात मागं घेतला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो सरळ बसला. छातीतून काहीतरी वर आलं, आणि ते आलं तर सगळी गाडी हलेल, म्हणून त्यानं श्वास धरून ठेवला. डोळ्यांतून वाहायला लागलं, त्यानं ते वाहू दिलं, पुसायला हात उचलला नाही.

"असंच बसा सर," खालून परशुराम म्हणाला. "डावीकडचा शेवटचा राहिलाय."